पुस्तक उघडलं की पेंग येते, त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, बीएस्सी झालंय, एमपीएससीची तयारी घरूनच करतोय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे, शेजारी कापडाचे यंत्रमाग चालतात. दुपारी पुस्तक घेतलं की वीस मिनिटांत डोळे मिटतात. रात्री जागून भरून काढायला जातो, तर एक वाजता वाचलेलं सकाळी आठवत नाही. चहा, तोंडावर पाणी, सगळं करून झालं. मोबाईल घेतला की मात्र झोप उडते. मी आळशी आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. आळशी माणूस दुपारी पंखा लावून सरळ झोपतो, तोंडावर पाणी मारत बसत नाही. वयाने माझ्या पोरासारखा आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

मी कशाच्या जोरावर बोलतोय तेवढं सांगतो. साखर पेठेत वाढलो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नडसुद्धा. वडील मागावर होते. कॉलेजला असताना मीही तीन वर्षं चादरीच्या मागावर रात्रपाळी केली. पुढे शिक्षक झालो, आणि गेली २२ वर्षं शाळा सुटल्यावर एक लहानशी अभ्यासिका चालवतो. पेंगणारी माणसं आयुष्यभर पाहिली आहेत, त्यात पहिला मी.

रात्रपाळीत पहाटे तीनच्या आसपास ताण्यातला एखादा धागा तुटायचा. दिवसपाळीत माग थांबवून गाठ मारायला जेमतेम मिनिट लागतं. तीन वाजता काय व्हायचं, तर डोळे उघडे, हात धोट्यातली कांडी बदलतोय, आणि समोरचा तुटलेला धागा दिसतच नाही. हातभर कापड तसंच विणलं जायचं. सकाळी मुकादम चादर उजेडाकडे धरायचा, त्या बारीक उभ्या फटीवर बोट ठेवायचा आणि काही न बोलता ती बाजूला टाकायचा. मजुरी कापली जायची. "मी झोपलो नव्हतो" हे मी शपथेवर सांगितलं असतं, आणि माझ्यापुरतं ते खोटंही नव्हतं. डोळे उघडे असतानाच मेंदू काही सेकंदांपुरता झोपून घेतो, आणि ज्याचा झोपतो त्याला पत्ता लागत नाही.

तुझं रात्री एकचं वाचन म्हणजे ती चादर. खात्री करायची तर त्या रात्रीची वही काढून बघ. अकराच्या ओळी सरळ असतील. साडेबारानंतर अक्षरं लांबट होतात, वेलांट्या गळायला लागतात, ओळ उजवीकडे उतरते, आणि मग कुठल्यातरी शब्दाच्या मध्येच शाईची एक रेघ पानाच्या कडेपर्यंत घसरत गेलेली दिसते. अभ्यासिकेत मी पोरांचे चेहरे बघत नाही, वह्या बघतो. ती रेघ दिसली की म्हणतो, वही मिट, घरी जा.

आता मोबाईलचं. "फोन घेतला की उडते, म्हणजे ती झोप नव्हतीच, कंटाळा होता," असं बरेच जण सांगतात. पूर्वी मीही सांगायचो. ते अर्धंच खरं आहे. झोपेची उधारी अंगावर असलेला माणूससुद्धा गल्लीत भांडण लागलं, मॅचची शेवटची ओव्हर आली, रील सरकत राहिली की टक्क जागा राहतो. फोन खाली ठेवला की उधारी जिथल्या तिथे. त्यामुळे झोप कमी पडतेय की वाचन कंटाळवाणं होतंय, हे फोनवरून ठरवू नकोस.

त्यासाठी एक घरगुती चाचणी आहे. झोपेच्या शास्त्राचे आद्य अभ्यासक नथॅनियल क्लाइटमन यांच्या नावाने ती सांगतात. दुपारी, चहा न घेता, खोलीत अंधार करून कॉटवर आडवा हो. कॉटच्या कडेला फरशीवर स्टीलची ताटली ठेव, हातात चमचा धर आणि हात ताटलीवर लोंबता सोड. घड्याळ बघून डोळे मीट. डोळा लागला की बोटं सैल पडतात, चमचा ताटलीत पडतो, खणकन जाग येते. पुन्हा घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या आत पडला तर उधारी मोठी आहे. दहाच्या आसपास म्हणजे झोप थोडी कमीच पडतेय. पंधरा मिनिटं झाली तरी चमचा हातातच, तर रात्रीची झोप ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधायचा. (अभ्यासिकेतला एक जण म्हणाला, "सर, चमचा पडला, पण जाग मला नाही, आईला आली." त्याला मी आठवडाभर सुट्टी दिली.)

पाचच्या आत पडला असं धरून पुढचं सांगतो, कारण तुझ्या प्रश्नावरून तसंच दिसतंय. "मला सहा तास पुरतात" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धडधाकट माणसांना सलग १४ दिवस ठरावीक तासच झोपू दिलं: काहींना ८, काहींना ६, काहींना ४. निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची सतर्कता दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. त्यांना स्वतःला मात्र तसं वाटत नव्हतं. पहिल्या काही दिवसांनंतर "आता सवय झाली" असंच ते सांगत होते. तुझ्या वयाला ७ ते ९ तास लागतात. दहावी-बारावीच्या पोरांना ८ ते १०.

त्यात आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या रात्री येतं त्या रात्री घरातल्या कुणाला तरी उठून बॅरल, घागरी भराव्या लागतात, आणि "पोरगा तसाही जागाच आहे" म्हणून ते काम अभ्यास करणाऱ्याच्या गळ्यात पडतं. आईशी बोलून पाळी लाव. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी वेळापत्रक हलकं ठेव, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चहाकडे येऊ. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितके तास जागा, तितका साठा, तितकी पेंग. झोपेत तो निचरतो. चहा-कॉफीतलं कॅफिन अॅडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. साठा कमी होत नाही, नुसता ताटकळत उभा राहतो. कॅफिन उठलं की सगळे एकदम आत. आणि निम्मं कॅफिन अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या चहातलं निम्मं दोन वाजताही तुझ्यात आहे. झोप लागते, पण वरवरची. सकाळी जड वाटतं, मग पुन्हा चहा. एका कपात ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, त्यामुळे चहा बंद कर असं मी म्हणणार नाही, सोलापुरात राहून म्हणवणारही नाही. चारनंतर घेऊ नकोस, एवढंच. टपरीवर मिळणारे एनर्जी ड्रिंकचे डबे म्हणजे दोन कप चहा आणि बरीचशी साखर, पैसे वाचव.

चहाचा खरा उपयोग दुपारी आहे. कप संपव, लगेच पंधरा मिनिटांचा गजर लावून आडवा हो. कॅफिनला चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात डुलकी होते आणि उठताना चहाही कामाला लागलेला असतो. डुलकी दहा ते वीस मिनिटांचीच. अर्धा-पाऊण तास झोपलास की खोल झोपेतून उठावं लागतं, मग तासभर डोकं दगडासारखं. "सर, डुलकी घेतली की आणखीच झोप येते" म्हणणारे सगळे गजर न लावणारे असतात.

दुपारची पेंग जेवणामुळेच येते असं नाही. शरीराच्या घड्याळातच एक ते चारच्या दरम्यान एक उतार आहे. न जेवलेल्यालाही तो लागतो. जड जेवणाने तो उतार आणखी घसरडा होतो, इतकंच. लोक ताकाला नाहीतर भाताला शिव्या देतात. माझ्या मते दोष ताटाच्या आकाराचा आहे. एक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पातळ भाजी यावर बसून बघ, राहिलेली भाकरी पाचला खा.

आणि त्यावर आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, पत्रा भट्टीसारखा, पंखा वरची गरम हवाच खाली ढकलतो. अशा खोलीत दुपारी दोन वाजता राज्यघटना वाचायला बसणं म्हणजे हरायचं ठरवूनच आखाड्यात उतरणं. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यात शरीर गुंतलेलं असतं, घाम जातो, पाणी कमी पडतं, आणि वजनाच्या एक-दोन टक्के पाणी जरी कमी झालं तरी लक्ष विचलित होतं, डोकं जड होतं. तहान लागायची वाट बघू नकोस, तांब्या शेजारी ठेव. टॉवेलला आपल्या गावात तोटा नाही. एक भिजवून, पिळून मानेवर टाक. आजोबांच्या काळची पोरं बादलीत पाय सोडून अभ्यास करायची, तेही थट्टेवारी नेऊ नकोस. झोप लागताना हातापायांच्या रक्तवाहिन्या फैलावतात आणि तळवे गरम होतात. तळवे गरम असले तर झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. पाय गार ठेवायचे ते त्याच्या उलट. अर्धी बादली पुरे, नंतर ते पाणी कुंडीत टाक.

तरी माझं ऐकशील तर उन्हाळ्यात दिवसच फिरव. रात्री दहाला गच्ची असेल तर गच्चीवर, नाहीतर दारात, पण झोप. पाचला ऊठ. त्या वेळी पत्राही निवलेला असतो, बहुतेक मागही थंड असतात. सहाच्या सुमारास उजाडतं. तेव्हा दहा मिनिटं उघड्यावर उभा राहा. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि रात्री झोप वेळेवर येते. पाच ते साडेनऊ हा तुझा सोन्याचा वेळ, जड विषय तिथे. पहिले चार-पाच दिवस शिव्या देशील मला. विशीच्या आतबाहेरच्या पोरांचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं, म्हणून एकदम पाच नको; दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे ये. आणि तीन आठवडे प्रामाणिकपणे करूनही पहाट मानवली नाही तर सोडून दे. काही माणसं घुबडच असतात. त्यांनी रात्री बारापर्यंत वाचून आठपर्यंत झोपावं, फक्त ती झोप कुणी मोडू नये.

शेजारच्या मागाच्या आवाजाबद्दल तू फार लिहिलं नाहीस, पण मी लिहितो. तो आवाज त्रास देतो असं पाहुण्यांना वाटतं. आमच्यासाठी ती अंगाई होती. लहानपणी माग बंद पडला की आम्हाला जाग यायची. एकसुरी खटखट पेंग आणते. तुलाही आणत असणार, जन्मापासून ऐकतोयस. दुपारी त्या भिंतीला पाठ लावून बसू नकोस. त्या वेळी मोठ्याने बोलून करायचा अभ्यास कर, आपलाच आवाज त्या लयीला छेद देतो.

आता ज्यांचा चमचा पंधरा मिनिटं हातातच राहिला त्यांच्यासाठी, आणि तुझ्याहीसाठी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवाले पडद्यावर ठिपका शोधत तासन्‌तास बसायचे, आणि तो दिसला तरी त्यांच्या लक्षात यायचा नाही. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक काटा टिकटिक पुढे सरकणारं घड्याळ बनवून माणसांना त्यासमोर बसवलं. काटा मधूनच एक घर गाळून उडी मारायचा, ती उडी पकडायची. १९४८ मध्ये त्याने लिहिलं की पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागतात. हे झोपाळू लोक नव्हते. काहीच न करता नुसतं बघत राहणं माणसाला जमत नाही. आणि तू पुस्तक घेऊन नेमकं तेच करतोस: नजर ओळींवरून फिरते, पिवळा मार्कर मागोमाग, बाकी कुणालाच काम नाही.

मागच्या वर्षी एक मुलगी सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवरचं पान घेऊन पेंगत होती. पान जवळजवळ सगळं पिवळं. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, फाशी गेलेले चौघे कोण? रोज ज्यांच्या पुतळ्यांसमोरून सिटी बस पकडतेस ते. "मल्लाप्पा धनशेट्टी... कुर्बान हुसेन... जगन्नाथ शिंदे..." चौथं येईना. कपाळावर आठ्या, बोटं डेस्कवर ताडताड, "सांगू नका सर, सांगू नका." दोन मिनिटांनी ओरडली, "श्रीकिसन सारडा!" शेजारचे चार जण दचकून बघायला लागले. मग मी विचारलं, कुठे, कधी? "येरवडा. १२ जानेवारी १९३१." झोप कुठे गेली होती कोण जाणे. आठवता आठवता अडणं, त्यात जाग असते. वाचत राहण्यात नसते.

वर फायदा असा की लक्षातही तेच राहतं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारा एकतर पुन्हा पुन्हा वाचला, नाहीतर एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवणारे पुढे, आणि चांगलेच. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

म्हणून एक पान वाच, पुस्तक पालथं टाक, कोऱ्या कागदावर जे येईल ते उतर, मग उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. राज्यघटनेतली आणीबाणीची कलमं ३५२, ३५६, ३६० यांतला फरक धाकट्या बहिणीला समजावून सांग. तिला समजलं नाही तर तुलाही समजलेलं नाही. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ऊठ, दारापर्यंत जा, पण फोन उचलू नकोस, कारण तिथून परत येणं वीस मिनिटांचं नसतं. दुपारी गणित, बुद्धिमत्ता, जुन्या प्रश्नपत्रिका. इतिहासाची पुनरावृत्ती उभ्याने. त्यासाठी उभं टेबल विकत घ्यायला नको, आईचं काम आटोपलं की स्वयंपाकाचा ओटा नेमका त्या उंचीचा असतो. उभा माणूस पेंगायला लागला की गुडघा मोडतो आणि तो स्वतःच जागा होतो.

कॉटवर बसून वाचू नकोस, लोडाला टेकूनही नको. कॉट झोपेची हे शरीराला पक्कं ठाऊक असतं. अख्खी खोली अंधारात आणि पुस्तकावर एकटा टेबललॅम्प, हेही सिनेमापुरतं ठीक. खोलीभर उजेड ठेव.

हे सगळं तीन-चार आठवडे करून, रोज आठ तास झोपूनही पेंग जात नसेल तर डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉईड, या तीन तपासण्यांत माझ्या अभ्यासिकेतल्या कितीतरी "आळशी" पोरींचा उलगडा झाला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या दहापैकी जवळजवळ सहा मुलींना रक्तक्षय आढळला होता. सर्दीसाठी सेट्रिझिन घेत असशील तर पेंग त्या गोळीची असू शकते. घोरतोस का, झोपेत श्वास अडतो का, हे घरच्यांना विचार. आणि झोप येत नसून उठावंसंच वाटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते वेगळं दुखणं आहे, तेही डॉक्टरला सांग, लपवू नकोस. जागं ठेवणाऱ्या गोळ्या मित्र आणून देतात, त्या घेऊ नकोस. त्या नार्कोलेप्सीसारख्या, दिवसा अनावर झोप येणाऱ्या आजारासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायच्या असतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या घेतलेली पोरं मी हॉलबाहेर थरथरताना पाहिली आहेत.

तुला उद्यापासून सगळं जमणार नाही, तेव्हा आधी दोनच गोष्टी कर: रात्री एकचं वाचन बंद, आणि दुपारी ताटली-चमचा. घरच्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर खणखणाट ऐकून आई धावत येईल. चमचा कितव्या मिनिटाला पडला ते कळव, पुढचं वेळापत्रक त्यावरून लावू.